दोन भारीट आणि दोन जाधव

पक्षी बघत हिंडणाऱ्या माणसाकडे पक्ष्यांचे किस्से फारसे नसतात. पक्षी येतो, बसतो, उडून जातो. त्यात सांगण्यासारखं काय? किस्से जमतात ते माणसांचे. तुम्ही बांधाआड दुर्बीण घेऊन गप्प बसलेले असता. पाखरू काही येत नाही, पण माणूस हमखास येतो. आधी दुर्बिणीकडे बघतो, मग तुमच्याकडे बघतो आणि विचारतो, "पाव्हणं कुठलं?" हा प्रश्न आला की त्या दिवसाचा किस्सा तयार झालाच म्हणून समजा!

आमचं पक्षीमित्र मंडळ नव्वदच्या दशकातलं. मंडळ कसलं, चार टाळकी. अध्यक्ष बोराटे तात्या, निवृत्त पोस्टमास्तर. बारामतीत फोटो स्टुडिओ असलेले शफीभाई. इंदापूर तालुक्यात मळा असलेला विलास जाधव. आणि भवानीनगरला राहून हायस्कुलात विज्ञान शिकवणारा मी, मिलिंद जाधव. विलास आणि मी शाळेत एका बाकावर होतो. आडनाव एक, शाळा एक, छंद एक. फरक एवढाच, की विलास मराठा आणि मी बौद्ध.

या सगळ्या किश्श्यांत माझं मागणं एकच होतं, ते आधीच सांगून टाकतो. आमच्या भागात लाल डोक्याचा भारीट पहिल्यांदा मी पाहिला. कोणी पाहिला असं कुणी विचारलं तर माझं नाव घ्यावं, इतकंच. हार नको, शाल नको. नाव.

*

आमच्याकडे नाव विचारतात ते पद्धत म्हणून. खरं हवं असतं आडनाव. पण जाधव या आडनावानं कुणाचं समाधान होत नाही, कारण जाधव सगळ्यांत आहेत. मग पुढचा प्रश्न येतो, "कुठले जाधव?" तुम्ही गावाचं नाव सांगता. समोरचा मान हलवतो. त्याला गाव नको असतं.

एकदा लोणी देवकरच्या बाजूला माळावर आम्ही चौघं बसलो होतो. राजदूतवरून एक गृहस्थ आले, थांबले, गाडी स्टँडला लावली.

"कुठलं म्हणायचं?"

तात्या म्हणाले, "बोराटे." "बरं."

विलास म्हणाला, "जाधव." "कुठले जाधव?" विलासनं गाव सांगितलं, मामाचं नाव सांगितलं, सासरवाडी सांगितली. गृहस्थ खूश! मामा त्यांच्या पाहुण्यातला निघाला. त्यांनी खिशातून तंबाखूची पिशवी काढली.

मी म्हणालो, "मी पण जाधवच."

"म्हंजे भाऊ-भाऊ! आसं सांगा की!" असं म्हणत त्यांनी पिशवी माझ्याकडे केली. आणि हात तसाच पुढे ठेवून विचारलं, "घर कुठंशी आलं गावात?"

"ओढ्याच्या पलीकडं," मी म्हणालो.

पिशवी जिथपर्यंत आली होती तिथूनच खिशात परत गेली. गृहस्थांना एकदम आठवलं, की त्यांना तहसील कचेरीत काम आहे. गाडीला किक मारून ते निघूनही गेले.

शफीभाई म्हणाले, "सर, माझं बरं आहे. माझं नाव ऐकलं की पुढं कुणी काही विचारतच नाही!"

विलासनं माझ्या पाठीवर थाप मारली. "सोड रे मिलिंदा. आपण दोघं जाधव. तू काय अन् मी काय!"

हे वाक्य लक्षात ठेवा. ते त्याचं ठरलेलं वाक्य होतं. आणि तेव्हा तो ते मनापासून बोलायचा, असं मला आजही वाटतं.

*

आता पाखरांकडे वळतो, नाहीतर म्हणाल याने जाधवांचंच पुराण लावलंय.

भारीट हा चिमणीपेक्षा जरासा थोराड पक्षी. हिवाळ्यात परदेशातून थवेच्या थवे येतात आणि ज्वारीवर पडतात. त्यात दोन जाती. काळ्या डोक्याचा भारीट आपल्याकडे नेहमीचा. नराचं डोकं काळं, पाठ विटकरी, पोट हळदीसारखं पिवळं. दुसरा लाल डोक्याचा. त्याचं डोकं आणि छाती तांबूस, पाठ हिरवट, पोट तसंच पिवळं. तो आमच्या भागात येतो की नाही, याबद्दल पुण्याच्या तज्ज्ञ मंडळींना शंका होती. उन्हाळ्याच्या तोंडावर नर रंगात आले की दोघांतला फरक कुणालाही कळतो. पण भर हिवाळ्यात नर मळकट, आणि माद्या तर दोन्ही जातींच्या बाराही महिने मातकट. एकमेकींशेजारी बसल्या तरी भले भले हात टेकतात.

तात्यांना हे अजिबात पटायचं नाही. पोस्टात जन्म गेलेला माणूस. पत्त्याशिवायचं टपाल त्यांना सहन होत नसे. एखादी मादी कणसावर बसली की ते मला कोपर मारायचे, "सर, ही कुठल्या भारिटाची?"

"सांगता येत नाही, तात्या."

"आसं कसं? काय तरी खूण आसंल की! सांगता येत न्हाय म्हंजे काय!"

पुण्याहून एक डॉक्टर अधूनमधून आमच्यात यायचे. धंद्याने डोळ्यांचे डॉक्टर, पण पक्ष्यांतले जाणकार म्हणून नाव असलेले. त्यांनी एकदा सांगितलं, की इराणच्या बाजूला या दोन जातींचे मुलूख एकमेकांना भिडतात आणि तिथे काळ्याची आणि लालाची सरळ जोडी जमते. पिल्लंही होतात.

तात्या चाट पडले. "म्हंजे त्येंच्यात चालतं?"

"चालतं की."

"अन् पाव्हणंरावळं काय बोलत न्हाईत?"

विलासच्या रानात पाखरं राखायला रखमाकाकू माच्यावर असायच्या. हातात गोफण, तोंडात शिव्या. तात्यांनी एकदा माच्याखाली उभं राहून त्यांना दोन्ही भारीट समजावून सांगितले. काळा कोण, लाल कोण, कुठून येतात, कुठे जातात. बराच वेळ व्याख्यान चाललं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"ह्यी दोन्ही बी ज्वारीच खात्यात न्हवं?"

"हो, खातात ज्वारीच."

"मग दोघास्नी दगूड एकच!" म्हणाल्या आणि गोफण फिरवली.

अख्ख्या तालुक्यात दोन्ही भारिटांना सारखं वागवणारी ती एकच बाई मला भेटली.

*

तात्या माणूस चांगला. पण सुधारणेवर बोलायला लागले की आवरायचे नाहीत.

एकदा दुपारच्या उन्हात आम्ही इंदापूरकडच्या एका बागायतदाराच्या वस्तीवर टेकलो. मालक हौशी होते. गोठ्याच्या सावलीत घोंगडी टाकली, चहा सांगितला. तात्या गोठ्याच्या मेढीला टेकून बसले आणि त्यांचं सुरू झालं.

"आता कुठं ऱ्हायलंय तसलं काय! आमच्या लहानपणी हुतं. येगळं पाणी, येगळं बसणं. आता समदं गेलं. काय सर?"

मी वर बघत होतो. तात्यांच्या टोपीच्या बरोबर वर, वळचणीला, कान तुटलेला एक कप पालथा घातला होता.

तो कप मी ओळखतो. माझे वडील असल्या वस्त्यांवर कामाला जायचे तेव्हा त्यांना चहा मिळायचा तो असल्याच कपात, वरून ओतलेला. प्यायचा, आपणच विसळायचा आणि परत वळचणीला पालथा घालायचा. लहानपणी मी तो वडिलांच्या हातात पाहिलाय. तसला कप ओळखायला मला दुर्बीण लागत नाही.

चहा आला. सगळ्यांना सारख्या काचेच्या ग्लासांतून आला, मलाही. मालकांनी अजून आडनावं विचारली नव्हती.

निघताना तात्या बोलता बोलताच उठले. टोपी कपाला लागली, कप खाली दगडावर पडला आणि फुटला. तात्या ओशाळले. "आरारारा, नुकसान केलं की तुमचं!"

"आसू द्या, आसू द्या तात्या," मालक हसून म्हणाले. "दुसरा हाय!"

*

आता माझा किस्सा.

ज्वारीची काढणी चालू होती. विलासच्या रानात निम्मी ज्वारी उभी, निम्मी आडवी. आम्ही दोघंच होतो. जेवण झाल्यावर विलास विहिरीवरच्या बाभळीखाली आडवा झाला आणि घोरायला लागला. मी दुर्बीण लावून उभ्या ज्वारीच्या कडेला बसलो.

थवा आला. काळी डोकी, काळी डोकी, मातकट माद्या, पुन्हा काळी डोकी. आणि एका कणसावर हा! डोकं, गळा, छाती सगळं तांब्याच्या भांड्यासारखं, खाली पिवळंधम्मक. तो कणसावरून चोच वर करून गायला लागला. हिवाळाभर मुकी असणारी ही पाखरं जायच्या आधी गायला लागतात. आता तो घराकडे निघाला होता, आणि निघण्यापूर्वी माझ्यासमोर गात होता. मी साधा मास्तर माणूस, पण त्या घटकेला मला कुणाचा हेवा वाटत नव्हता.

मग मी विलासला हाका मारल्या. तो धडपडत उठला, डोळे चोळत आला. "कुठं? कुठं?" तोवर थवा उठला होता. विलासनं हलणारी कणसं तेवढी पाहिली.

पण त्यानं शंका घेतली नाही. मला उचलून गरकन फिरवलं! "तू बगितलंस म्हंजे मी बगितलं! आपण दोघं जाधव. तू काय अन् मी काय!"

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. सुमन भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "रान कुणाचं?"

"विलासचं."

"मग पाखरू पण त्याचंच होणार."

मी तिच्यावर चिडलो. म्हणालो, तुझं मन फार कडू आहे. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

*

एसटीडी बूथवरून मी पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. "जाधव बोलतोय इंदापूरहून. लाल डोक्याचा पाहिला, ज्वारीच्या रानात." बूथमध्ये खरखर इतकी की दोघंही ओरडत होतो. डॉक्टर ओरडले, "पिंजऱ्यातून सुटलेला असेल! पुढच्या हंगामात बघू!"

पुढच्या हंगामात डॉक्टर आले ते हुरड्याला. हुरड्याची आमच्याकडची रीत अशी, की रानातच आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजायची आणि कुणीतरी ती हातावर गरम गरम चोळून दाणे सगळ्यांपुढे टाकायचे. चोळणारा घरचा समजायचा. ज्याला त्याला चोळायची घाई असते, हात भाजले तरी.

विलासच्या आईला आम्ही आक्का म्हणायचो. सगळे आगटीभोवती बसले. तात्यांनी कणीस घेतलं, चोळलं. विलासनं चोळलं. पुण्याच्या डॉक्टरांनीही हौसेने घेतलं, हात भाजून घेतले, सगळे पोट धरून हसले. मीही एक कणीस उचललं.

"आवो सर, तुमी ऱ्हाऊ द्या!" आक्का लगबगीने म्हणाल्या. "तुमी पाव्हणं. तुमी निस्तं बसून खायाचं."

शफीभाईंनी हात पुढे केला. "भाई, तुमी बी ऱ्हाऊ द्या. तुमी बी पाव्हणं!"

त्या रानात मी शाळकरी वयापासून जात होतो. डॉक्टर हुरड्याला पहिल्यांदाच आले होते. शफीभाई माझ्याकडे सरकले आणि कानात म्हणाले, "सर, एवढ्या गर्दीत पाहुणे आपण दोघंच दिसतोय!"

विलासला कळलं होतं. तो नंतर म्हणाला, "आई जुन्या वळणाची हाय रे, मनावर घिऊ नगंस." मी कधीच मनावर घेत नाही. मनावर न घेण्यात मी पटाईत झालो होतो.

दुपारी थवा आला, आणि त्यात तो आला! रंग अजून पुरता चढला नव्हता, पण डोक्यावर तांबूस झाक स्पष्ट होती. डॉक्टरांनी बराच वेळ बघितलं आणि दुर्बीण खाली घेतली. "लाल डोक्याचाच. शंका नाही. इथं पहिल्यांदा कोणी पाहिला हा?"

तात्यांच्या तोंडात हुरडा होता. "जाधवांनी!"

मला डॉक्टर नुसते 'सर' म्हणूनच ओळखायचे. ते वळले आणि त्यांनी विलासचा हात हातात घेतला. "वा जाधव! तुम्हीच ना फोन केला होता? अभिनंदन!"

विलासनं माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होतो. आगटीत एक कणीस तडतडलं. विलास डॉक्टरांना म्हणाला, "हुरडा घ्या डॉक्टर, गार व्हतोय."

मी त्याला बाजूला घेतलं तेव्हा म्हणाला, "सांगू की रं नंतर! आत्ता पाव्हण्यांसमोर कशाला? घाई काय हाय?"

*

नंतर म्हणजे बारामतीत पक्षीमित्रांचा मेळावा भरला तेव्हा. हॉल भरलेला, स्टेजवर प्रतिष्ठित मंडळी, मागे फुलांची कमान. निवेदक म्हणाला, "लाल डोक्याचा भारीट आपल्या भागात सर्वप्रथम पाहणारे, श्रीयुत जाधव!"

मी उठलो. विलासही उठला, तात्यांनी त्याला ढोसलं म्हणून. दोघंही उभे. शाल-नारळाचं ताट घेतलेली मुलगी गोंधळली. तिने वाकून तात्यांना विचारलं, "कुठले जाधव?"

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं, विलासकडे पाहिलं. पोस्टातली सवय, पत्ता नेमका सांगायचा.

"मळ्याचे," तात्या म्हणाले.

मी खाली बसलो. बसताना खुर्ची करकरली, ती सगळ्या हॉलला ऐकू गेली असं मला वाटलं. विलासनं स्टेजवर भाषणही केलं. म्हणाला, "ह्ये पाखरू कुणा एकाचं नाही, आमच्या सगळ्यांचं आहे!" टाळ्या पडल्या. सगळ्यांची नावं घ्यायला वेळ नव्हता म्हणून त्यानं कुणाचंच घेतलं नाही.

बाहेर आल्यावर मी तात्यांना गाठलं. तात्या कासावीस झाले. "सर, रागावू नका. स्टेजवरची समदी माणसं त्येच्या वळखीची. कुणाकुणाला समजावून सांगायचं, ह्यो कोन न् त्यो कोन?"

विलास मागून आला. शाल खांद्यावर होती. त्यानं नारळ माझ्या पिशवीत टाकला. "नारळ तू ने. तू काय अन् मी काय!"

मला राग आला होता, पण रागापेक्षा दुःख जास्त झालं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी भांडलो असतो. विलासशी भांडायचं म्हणजे अख्खं लहानपण मोडीत काढायचं. ते माझ्याच्यानं होईना.

सुमनने पिशवीतून नारळ काढला. "शाल?"

"शाल त्याच्याकडे आहे."

तिने नारळ कानाशी हलवून पाहिला. "म्हणजे तुम्हाला नुसता नारळच दिला म्हणा की!"

*

त्याच वर्षी विलासच्या त्या रानाला पाइपलाइन झाली आणि ज्वारी जाऊन ऊस आला. मी म्हणालो, अरे, भारिटांचं काय? तो म्हणाला, "कडंच्या चार सऱ्या ज्वारीच्या ठेवतो की, आपल्या पाखरासाठी!" उसाचे पैसे रोख, पाखराचे कोण देणार? सऱ्या काही राहिल्या नाहीत.

थवे आले, रानावरून दोन चकरा मारून निघून गेले. तात्या म्हणाले, "भारीट कशाला उतरतंय उसात? त्येला काय साखर कारखान्याचं सभासद व्हायचंय?"

पण मळ्याच्या फाटकावर बोर्ड मात्र लागला! बारामतीच्या पेंटरकडून करून घेतलेला. "लाल डोक्याचा भारीट येथे प्रथम दिसला. शोधक : जाधव." चित्रही होतं. पेंटरने डोकं इतकं लाल आणि पाठ इतकी हिरवी रंगवली, की येणारे-जाणारे विचारायचे, पोपट विकायचे आहेत काय!

विलासनं मला मुद्दाम नेऊन बोर्ड दाखवला. "बघ, निस्तं जाधव लिवलंय. मुद्दामच! दोघांचं बी झालं का न्हाय?"

त्या बोर्डामागे ऊस डोक्याच्या वर गेला होता. एकही पाखरू नव्हतं.

*

विलासच्या रानात भारीट येईनात, म्हणून आम्ही कोऱ्हाळे बुद्रुकला जायचं ठरवलं. तिथे विलासचा मावसभाऊ बापूराव अजून ज्वारी करत होता. विलासनं आधी निरोप धाडला होता. निरोपात काय होतं ते मला माहीत नाही. पण दोन जाधव येणार आणि त्यातला एक वेगळा, एवढं त्या घरात पोचलं होतं.

सव्वीस जानेवारी होती. झेंडावंदन उरकून मी तसाच विलासच्या जीपमध्ये बसलो. इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरी पँट, खिशाला कागदी झेंडा. तात्यांच्या घरी पाहुणे होते, शफीभाई शाळाशाळांतून फोटो काढत हिंडत होते. निघालो आम्ही दोघंच.

वाटेत जीप पंक्चर झाली. मी मदतीला वाकलो तर विलास म्हणाला, "तू ऱ्हाऊ दे, तुझी कापडं पांढरी हायत." त्यानं एकट्याने चाक बदललं. धुळीत लोळला, हातातोंडाला ग्रीस लागलं, सदरा पार काळा झाला. डोक्याला त्यानं जुना टॉवेल गुंडाळला होता.

कोऱ्हाळ्याला पोचलो तर बापूराव रानात गेलेला. वहिनी नव्याने लग्न होऊन आलेल्या, लग्नाला विलासला जाता आलं नव्हतं, त्यामुळे आम्हा दोघांनाही त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. ओसरीवर खुर्ची एकच होती. त्यांनी ती पदराने पुसून माझ्यापुढे सरकवली. विलास थकलेला, तो पायरीवरच टेकला. हात ग्रीसचे, म्हणून खांबालाही टेकला नाही.

वहिनी चहा घेऊन आल्या. माझ्यापुढे फुलाफुलांचा कप आणि खाली बशी. मग त्या मागे गेल्या आणि दुसरा कप घेऊन आल्या. तो पायरीवर, विलासपासून जरा अंतरावर ठेवला आणि वरून त्यात चहा ओतला.

त्या कपाला कान नव्हता.

"घ्या जाधवसाहेब," वहिनी मला म्हणाल्या, "तुमीच न्हवं का त्ये लाल डोक्याचं पाखरू पयल्यांदा बगितलं? आमचं मालक सांगत हुतं."

इतक्या दिवसांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. मला काय झालं सांगू! छातीत एकदम मोकळं वाटलं. शाळेत पोरगं हात वर करून उत्तर देतं तसा मी म्हणालो, "हो, मीच!"

विलास कपाकडे बघत होता. ग्रीसचे हात गुडघ्यांवर ठेवून नुसता बघत होता. मग हळू उठून उभा राहिला.

"वहिनी," तो म्हणाला. आवाज अगदी मऊ होता, जरासा हसराच. "जरा अदलाबदल झाली. मी बापूरावाचा मावसभाऊ. ह्ये आमचे सर."

"आगं बाई!" वहिनींनी जीभ चावली, पदर डोक्यावर ओढला. "ह्येंची कापडं बघून मला वाटलं... चुकलं माझं, भावजी!"

त्यांनी माझ्यापुढचा फुलाफुलांचा कप बशीसकट उचलला. मी अजून त्याला हात लावला नव्हता. तो त्यांनी विलासच्या हातात दिला. पायरीवरचा कप बोटाने माझ्या बाजूला सरकवला. मी खुर्चीवरून उठलो होतो. कधी उठलो ते मलाही कळलं नाही.

वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा विलासकडे.

"म्हंजे मग, भावजी, त्ये पाखरू बी तुमीच बगितलं?"

विलासनं चहा बशीत ओतला. फुंकर मारली.

"व्हय," तो म्हणाला.